फोडू काय, सर?

स्टेंटचं पाकीट एकदा फोडलं की परत बंद करता येत नाही. आतली जाळी नसेत गेली तर गेली, नाही तर कचऱ्यात. म्हणून आमच्या कॅथलॅबमध्ये रामटेके सिस्टर ते पाकीट दोन्ही हातांत धरून, अंगठे फाडायच्या खाचेवर ठेवून उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, “फोडू काय, सर?”

मी ‘फोडा’ म्हणेपर्यंत अंगठे हलायचे नाहीत. म्हटल्यावरही त्या क्षणभर माझ्याकडे बघायच्या. मास्कच्या वर नुसते डोळे, आणि डाव्या भुवईत एक जुनी खोक. त्या बघण्यात शंका नसायची. दाराशी आलेल्या पाहुण्याला आत घेण्याआधी बायका एकदा रस्त्याकडे नजर टाकतात ना, तसं ते बघणं होतं. तेवढ्या वेळात माझा हात थांबायचा. कधी कधी मी म्हणायचो, “थांबा, आणखी एक फोटो काढू.” मग त्या पाकीट परत मांडणीवर ठेवायच्या, जरासुद्धा आवाज न करता.

मागच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणून मी पुष्कळदा बसलो आणि उठलो. मुळात मी फार बोलणारा माणूस नाही. घरातसुद्धा माझं अर्धं बोलणं मानेनं चालतं. पण ही गोष्ट मानेनं सांगता येण्यासारखी नाही.

मी गोंडपिपरीकडचा, धानाच्या बांध्यांत वाढलेला. पण नागपूर, मग मुंबई असं शिकून हृदयरोगतज्ज्ञ होऊन चंद्रपूरला परत आलो तेव्हा माझी भाषा इस्त्री करून आणलेली होती. पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या पेशंटला मी समजावत होतो, “आपल्या हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा निर्माण झालेला आहे.” म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. मागून आवाज आला, “बुवा, नसीत कचरा अटकला म्हंते डॉक्टरसाहेब. काढाचा हाय.” म्हातारा लगेच म्हणाला, “हाव, मंग काढा ना!”

तो गेल्यावर सिस्टर माझ्याकडे वळल्या. “सर, राग नका मानू जी. पण तुमची माय तुमच्याशी असंच बोलत होती काय?”

मला राग आला होता. संध्याकाळी हसू आलं. पुढे त्यांच्यासमोर मी हळूहळू माझ्या आईच्या भाषेवर परत आलो.

त्या मूळच्या सिंदेवाहीच्या. आठवडाभर चंद्रपुरात एका खोलीत राहायच्या आणि शनिवारी गोंदिया पॅसेंजरनं घरी जायच्या. नवरा मधुकरभाऊ, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. गरीब स्वभावाचा, सगळं आयुष्य लोकांना ‘मागं सरका’ म्हणून झालेला आणि म्हणून की काय, स्वतः नेहमी मागंच उभा राहणारा. मूलबाळ नव्हतं. सोमवारी सिस्टर परतायच्या तेव्हा पिशवीत काही ना काही असायचं. हिवाळ्यात जवसाची चटणी, उन्हाळ्यात रानफळं, टेंभरं नाही तर चारं. एकदा मी विचारलं, “ही टेंभरं वेचायला जंगलात कोण जातं? वाघ आहेत तिकडे.” तर म्हणाल्या, “वाघाच्या गावची आहो मी. वाघाले नाई भेत. तुमच्या घाईले भेते.”

घाई या गोष्टीशी त्यांचं उभं वैर होतं. ‘अर्जंट’ हा शब्द त्यांना सहन व्हायचा नाही. कुणी फोनवर ‘अर्जंट आहे’ म्हटलं की त्या म्हणायच्या, “ते समजलं. आता काय झालं ते सांगा.” पण काम मात्र झपाट्याचं. पेशंट टेबलावर येईपर्यंत सगळं मांडून तयार असायचं, आणि त्या भिंतीशी उभ्या, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. इतक्या वर्षांत त्यांना लॅबमध्ये बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

आणखी एक खोड होती. हातात येईल त्या वस्तूवरची तारीख वाचायची. इंजेक्शन, सलाइन, स्टेंट हे तर ठीकच. पण बिस्किटाचा पुडा, खोबरेल तेलाची बाटली, कुणी आणलेला पेढ्यांचा डबा, सगळं उलटं करून, चष्मा कपाळावर चढवून, डोळ्यांशी धरून वाचायच्या. माझ्या वाढदिवसाला त्यांना केकचा तुकडा दिला तर खोकं कुठंय म्हणाल्या. लॅबमधले टेक्निशियन त्यांना चिडवायचे, “सिस्टर, लग्नात मधुकरभाऊले पलटवून पाह्यलं होतं काय?” “पाह्यलं ना,” त्या म्हणायच्या, “तारीख पुसून गेली होती, म्हून तं अजून चालून राह्यले.”

त्यांचं ते थांबणं नेहमी बरोबर असायचं असं नाही, हेही लिहायला हवं. कोळशाच्या खाणीतला एक माणूस होता. नस अर्धी-पाऊण बंद, साधी चरबीची. स्टेंट टाकावा की नाही अशा काठावरची. सिस्टरनी पाकीट धरलं, विचारलं, आणि त्या दिवशी वर आणखी म्हणाल्या, “गोळ्यानं नाई भागन काय?” मी गोळ्या देऊन त्याला घरी पाठवलं. काही दिवसांतच तो झटका घेऊन परत आला. वाचला, पण थोडक्यात. मी त्या माणसाला सांगून टाकलं की कधी कधी असं होतं. संध्याकाळी वॉर्डात गेलो तर सिस्टर त्याच्या खाटेजवळ उभ्या होत्या आणि त्याला सांगत होत्या, “भाऊ, त्या दिवशी सर टाकणारच होते. मी टोकलं. चुकलं जी माझं.”

बाहेर आल्यावर मी म्हणालो, “निर्णय माझा होता. हे सांगायची काही गरज नव्हती.”

“तुमचा तुम्ही सांगा,” त्या म्हणाल्या. “माझं मी सांगतलं.”

मी माझं सांगितलं नाही. त्या माणसालाही नाही, आणि पुढेही कुणाला नाही. ती सवय मला आधीपासूनच होती.

आता जैनीची गोष्ट. तिच्यामुळे आमच्या लॅबला एक शब्द मिळाला.

जैनी भामरागडच्या पलीकडची, माडिया. चाळिशीच्या आतबाहेरची बाई. अंगात चरबी म्हणावी तर नावाला नाही, ना साखर, ना रक्तदाब, ना तंबाखू. छातीत कळ आली म्हणून गाडीत घालून आणलेली. नसेचा फोटो काढला तर आत कचरा काहीच नव्हता. नस आपोआप फाटली होती.

हे थोडं सांगायला हवं. नसेची भिंत एकावर एक थर असलेली असते. कधी कधी, विशेषतः बायकांमध्ये, आतला थर सुटतो आणि रक्त थरांच्या मध्ये शिरून तिथेच साठतं. त्या फुगवट्यानं खरी वाट बाहेरून दाबली जाते. आम्हा लोकांचा हात अशा वेळी सवयीनं स्टेंटकडे जातो, कारण अरुंद जागा दिसली की जाळी टाकून ती उघडायची हे आम्हाला शिकवलेलं. पण इथे दाबायला चरबी नसते, साठलेलं रक्त असतं. मध्ये दाबलं की ते दोन्ही बाजूंना पळतं आणि फाट लांबत जाते. मी लहानपणी बांधीची पार, म्हणजे शेताचा मातीचा बांध, पावसात ओली झालेली असताना तिच्यावर पाय दिला होता. पाय दिला तिथे पार टिकली, चिखल पुढे सरकला आणि हातभर लांब जाऊन भगदाड पडलं. बाबांनी कानशिलात ठेवून दिली होती. तसंच हे. म्हणून नसेतून रक्त खाली जात असेल, पेशंटची कळ थांबली असेल, तर थांबायचं. बहुतेक फाटी काही आठवड्यांत आपल्या आपण भरून येतात. टाकायचीच वेळ आली तर आखूड स्टेंट नाही. फाटीची दोन्ही टोकं ओलांडणारा लांब घ्यायचा, किंवा आधी दोन्ही टोकं बांधून मग मध्यावर यायचं.

जैनीच्या वेळी रक्त खाली जात होतं. आम्ही थांबलो. पण तिला वॉर्डात ठेवायचं कसं? कळ थांबली तशी ती उठून बसली आणि जायला निघाली. गावात पंडुम होता, नव्या आंब्याचा सण. तिला पोचायलाच हवं होतं. मी इस्त्रीच्या भाषेत समजावलं, आईच्या भाषेत समजावलं. ती पदर तोंडाशी धरून दाराकडे बघत होती.

सिस्टरची पहिली नोकरी एटापल्लीकडच्या आरोग्य केंद्रात झालेली. गोंडी त्यांना मोडकीतोडकी यायची. त्या जैनीच्या खाटेवर जाऊन बसल्या. लॅबबाहेर त्या बसायच्या. अर्धं गोंडीत, अर्धं मराठीत त्यांनी विचारलं, “मरका पंडुम झाल्याशिवाय तुमच्या गावात कोणी आंबा तोडते काय?”

जैनीनं मान हलवली. नाही.

“डोक्यावर लटकून राह्यला तरी?”

नाही.

“पोरगं रडलं तरी?”

नाही.

“काऊन?”

जैनीला हे विचारणंच वेडेपणाचं वाटलं असावं. पंडुम झाल्याशिवाय नवा आंबा खायचा नसतो. त्यात काऊन काय?

“मंग?” सिस्टर म्हणाल्या. “तुह्या नसीचा पंडुम व्हाचा हाय अजून. तोपर्यंत हात लावाचा नाई. मी बी नाई, डॉक्टर बी नाई, अन् तू बी इथून हलाचं नाई.”

जैनी पहिल्यांदा हसली. पदराच्या आड. आणि राहिली. गावचा तो सण तिचा चुकला. काही आठवड्यांनी फोटो काढला तेव्हा नस अशी स्वच्छ होती की जुना फोटो दुसऱ्याच कुणाचा वाटावा. पुढच्या वर्षी तिचा नवरा टोपलीभर गावठी आंबे घेऊन आला, पंडुम झाल्यानंतरचे. सिस्टरनी एक आंबा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाल्या, “याच्यावर तारीख नाई जी!”

तेव्हापासून लॅबमध्ये ‘थांबू या’ असं कुणी म्हणायचं नाही. काठावरचा पेशंट असला की सिस्टर पाकीट धरून विचारायच्या, “फोडू काय, सर? का पंडुम?”

ज्या दिवसाबद्दल लिहायचं टाळत मी इथवर आलो, तो दिवस इथल्या दीक्षाभूमीच्या यात्रेनंतरचा. दरवर्षी त्या दोन दिवसांत चंद्रपुरात माणसांचा पूर येतो. सिस्टर पांढरी साडी नेसून आरोग्याच्या मंडपात उभ्या असायच्या. त्या वर्षीही होत्या, सकाळपासून दिवे लागेपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारख्या लॅबमध्ये आल्या. मी पहिल्या पेशंटची तयारी करत होतो. मला वायर देता देता त्या म्हणाल्या, “सर, मले जरा बसाचं हाय.”

ते वाक्य ऐकलं तेव्हाच मला कळलं.

त्यांचा कार्डिओग्राम बघितला, मग त्याच टेबलावर त्यांना घेतलं. पाकीट धरायला दुसऱ्या वॉर्डातून एक नवी मुलगी आणली होती. मी मनगटातून वर गेलो, फोटो काढला. डावीकडची पुढची नस, मधल्या भागापासून लांबवर बारीक होत गेलेली, कडा गुळगुळीत. जैनीचीच नस कुणी आणून ठेवल्यासारखी. रक्त टोकापर्यंत पोचत होतं. औषधांनी कळ उतरली होती. “कशी आहे कळ?” विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, “थोडीशी. गेल्यातच जमा.”

सगळ्या गोष्टी सांगत होत्या की थांब. आणि मी म्हणालो, “स्टेंट घ्या. छोटा.”

का म्हणालो? इतकी वर्षं मी याची वेगवेगळी उत्तरं स्वतःला दिली. खरं हे आहे की परक्या माणसासाठी मला थांबता येत होतं. सिस्टर त्या टेबलावर असताना हात बांधून उभं राहणं मला जमेना. काहीतरी केल्याशिवाय मला श्वास घेता येईना. आणि छोटा का? तर आपण फारसं काही करत नाही आहोत, एवढंसंच करतो आहोत, असं मला स्वतःलाच दाखवायचं होतं. म्हणजे थांबलोही नाही, आणि करायचं तर नीट, लांब, दोन्ही टोकं धरून, तेही केलं नाही.

टेबलावरून आवाज आला. हलकाच. “सर. पंडुम.”

खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं. मी पडद्यावरून नजर न हलवता म्हणालो, “सिस्टर, आज तुम्ही पेशंट आहात. शांत पडून राहा.”

नव्या मुलीनं पाकीट फोडलं. तिनं विचारलं नाही. विचारायचं असतं हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

जाळी मधोमध उघडली. तिथली वाट मोकळी झाली आणि त्याच्या खालची बंद झाली. सिस्टर ओरडल्या नाहीत, नुसता श्वास आत ओढल्याचा आवाज आला. खाली दुसरा टाकला, तर फाट वर सरकली. वर तिसरा. मग उरलेल्या जागेत चौथा. रक्तदाब कोसळला, सावरला, पुन्हा कोसळला. बाबांच्या हातची ती जुनी चपराक मला त्या एसीच्या गारठ्यात आठवली. शेवटी नस चालू झाली तेव्हा हृदयाची पुढची भिंत बराच वेळ रक्तावाचून राहिली होती.

बाहेर मधुकरभाऊ आले होते, सिंदेवाहीहून मिळेल त्या गाडीनं. सगळ्यांच्या मागं, भिंतीशी उभे. मी त्यांना सांगितलं, “नस पूर्ण बंद झाली होती. स्टेंट टाकावेच लागले.” त्यांनी दोन्ही हातांत माझा हात धरला. “तुमी होते म्हून वाचली, सर.”

मी हात काढून घेतला नाही.

सिस्टर वाचल्या, पण त्यांचं हृदय अर्ध्या ताकदीवर आलं. लॅबमधला क्ष-किरणांसाठीचा शिशाचा जड अॅप्रन घालून तासन्‌तास उभं राहणं संपलं. त्यांना ओपीडीत वजन करायला, बीपी घ्यायला बसवलं. बसवलं! त्यांच्या खुर्चीवरून लॅबचं दार समोरच दिसायचं. त्या दारातून कामाला त्या पुन्हा कधी आत आल्या नाहीत, आणि मी ये-जा करताना त्यांच्याकडे बघून मान हलवायचो. त्याही हलवायच्या. पेशंटशी तसंच बोलणं, तशाच थट्टा. माझ्याशी मात्र कामापुरतं. वर्षभरानं त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली.

तपासणीला मात्र त्या माझ्याकडेच येत राहिल्या. दुसरीकडे गेल्या असत्या तर मला सोपं झालं असतं. एका उन्हाळ्यात आल्या त्या टेंभरं घेऊनच. खिडकीच्या कट्ट्यावर कोळशाची काळी भुकटी असते, ती आधी ओल्या बोळ्यानं पुसली, मग पिशवी तिथे ठेवली. मी त्यांचा रिपोर्ट बघत होतो. हृदयाच्या ताकदीचा आकडा मागच्यापेक्षा खाली आला होता. आणि काही न ठरवता माझ्या तोंडून निघालं, “सिस्टर, त्या दिवशी टाकायला नको होता.”

“माहीत हाय जी,” त्या म्हणाल्या.

“रक्त खाली जात होतं.”

“जात होतं. पडदा मले बी दिसून राह्यला होता. मी जागी होती, सर.”

त्यांनी एक टेंभरू सोललं, अर्धं माझ्यासमोर ठेवलं.

“नसीचं जाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “घाबरले तुमी. माणूस घाबरते. त्या खाणीवाल्याच्या टायमाले मी बी चुकली होती. पण मी बोलली, तं तुमी म्हणाले, पेशंट आहात. बाप्पा! एटापल्लीपासून आजवर कितीक पेशंटले मी सांगतलं, विचारा डॉक्टरले, भेऊ नका, विचारा. अन् मलेच गप?” त्यांचा आवाज वर गेला आणि लगेच धाप लागली. थोडं थांबल्या. “अन् आमच्या ह्यायले खोटं काऊन सांगतलं? ते दर दीक्षाभूमीले तुमच्या नावानं एक मेणबत्ती लावते. मी बाजूले उभी राह्यते. काय बोलू मी?”

“तुम्ही सांगितलं नाहीत?”

“मी कायले सांगू? तुमचं हाय. तुमी सांगा.”

मधुकरभाऊ बाहेर बाकावर होते, दोघांच्या चपला आणि फायलीची पिशवी सांभाळत. मी जाऊन त्यांच्याशेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. आईच्या भाषेत. ते ऐकत होते, पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत. माझं संपल्यावर त्यांनी बंद सोडून पिशवी मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “मेणबत्ती तं मी लावीनच, सर. नेम मोडाचा नाई. पण आता तिच्या नावानं लावीन.”

मला वाटतं, आयुष्यात मला मिळालेली सगळ्यात हलकी आणि सगळ्यात जड शिक्षा ती होती.

नवीन मुलींना ‘फोडू काय’ विचारायला शिकवावं हे मला त्याच आठवड्यात सुचलं. पण करायला धीर व्हायला आणखी काही महिने गेले. का विचारायचं हे सांगताना तो दिवस सांगावा लागणार होता.

अशी फाट एकदा झालेल्या बाईला पुन्हा होऊ शकते. सिस्टरना झाली. पावसाळ्यात, आणि या वेळी उजवीकडच्या नसेत. पुन्हा तेच टेबल. मी फोटो काढला आणि टेक्निशियनला पडदा त्यांच्याकडे वळवायला लावला. मग दोन्ही हात टेबलाच्या कडेला टेकवले.

“काय वाटते, सिस्टर?”

चष्मा नव्हता. त्यांनी डोळे बारीक केले. “कुठपर्यंत हाय?”

“लांब आहे. अर्ध्याच्या वर.”

“खाली जाते?”

“जाते.”

“कळ तं नाई आता.” त्यांनी पडद्यावरून नजर माझ्याकडे आणली. “मंग तुमी सांगा.”

हे मला अपेक्षित नव्हतं. त्या ‘पंडुम’ म्हणतील आणि मी मान हलवीन, असं मी धरून चाललो होतो. मांडणीवर या वेळी लांब स्टेंट काढून ठेवला होता. नवी मुलगी, आता तशी नवी राहिली नव्हती, पाकिटाच्या खाचेवर अंगठे ठेवून उभी होती. “फोडू का, सर?”

“नको,” मी म्हणालो. “पंडुम.”

सिस्टर म्हणाल्या, “द्या ते इकडं.”

त्यांनी ते पाकीट अतिदक्षता विभागात आपल्या उशाखाली नेऊन ठेवलं. खरंच ठेवलं. रोज सकाळी मी फेरीला गेलो की ते बाहेर काढायच्या, चष्मा कपाळावर चढवून तारीख वाचायच्या आणि सांगायच्या, “अजून लय दिवस चालते हे. तुमाले काऊन घाई?” एकदा कळ आली, तासभर राहिली. मी खाटेशी उभा, हात खिशात. त्यांनी डोळे मिटलेले, एक तळवा उशाखाली. कार्डिओग्राम बदलला नाही. कळ गेली.

ती नस भरून आली. घरी जाताना त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं. “मोजून घ्या. एकच हाय.”

पण हृदयाची पुढची भिंत मी आधीच खराब करून ठेवलेली होती, आणि तिला पंडुम नव्हता. हृदय दमत गेलं. पाय सुजायचे, भरती व्हायच्या, पाणी काढलं की चार दिवस बऱ्या. मागच्या उन्हाळ्यात मधुकरभाऊंचा फोन आला की ती आता दवाखान्यात येत नाही म्हणते. मी गाडी काढून सिंदेवाहीला गेलो.

दुपार उतरत होती. अंगणात कडुनिंबाखाली बाज टाकून त्या उशांना टेकून बसल्या होत्या, कारण आडवं झालं की दम लागायचा. पावलं फुगलेली. कॅनव्हासचे पांढरे बूट ओट्यावर धुऊन वाळत घातले होते. त्यांत आता पाय जात नव्हते, तरी धुतलेले.

“आले काय?” त्या म्हणाल्या. एवढ्यालाच श्वास पुरला नाही.

मी चंद्रपूरला चला म्हणालो नाही. मधुकरभाऊंनी बाजेशेजारी स्टूल आणून ठेवलं आणि स्वतः मागं जाऊन उभे राहिले. मी पिशवीतून सिरिंज काढली, पाणी उतरवायच्या इंजेक्शनची काचेची कुपी काढली. तिची मान मोडायला अंगठा लावला, आणि थांबलो. कुपी त्यांच्यासमोर धरली.

“फोडू काय, सिस्टर?”

त्यांनी हात पुढे केला. मी कुपी त्यांच्या तळव्यावर ठेवली. चष्मा कपाळावर सरकवला, कुपी डोळ्यांशी नेली, उलटी केली, सुलटी केली. नाव वाचलं. तारीख वाचली. कडुनिंबातून ऊन त्यांच्या भुवईतल्या त्या खोकेवर हलत होतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, तसंच, पूर्वीसारखं, आणि कुपी परत दिली.

“फोडा.”

मी मानेवर अंगठा दाबणार तेवढ्यात त्यांचा हात पुन्हा वर आला. उशीजवळच्या पुडक्यातून त्यांनी कापसाचा एक बोळा तोडला आणि माझ्यापुढे धरला.

“कापसात धरा जी,” त्या म्हणाल्या. “बोट कापान.”